महागड्या फोनचं चौथं वर्ष

माझ्या आधीच्या फोनवरून माझं मन उडालं ते भाचीमुळे. वडनेर भोलजीला भावाच्या घरी गेले होते. ओसरीच्या खांबाला धरून उभी असलेली एक वर्षाची पोर अचानक हात सोडून चालायला लागली. मी घाईघाईनं कॅमेरा उघडायला बोट टेकवलं. पडदा पांढरा झाला, मग काळा झाला, मग मधोमध चकरी फिरत बसली. कॅमेरा उघडला तोवर पोर खाली बसून शेंगा तोंडात घालत होती.

वहिनी हसल्या. "डोळ्यानं पाह्यलं ना बाई, मंग झालं की."

मला काही तेवढ्यावर भागवता येईना. बुलढाण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात मी दुकानात गेले आणि त्या वर्षीचा सगळ्यात वरचा फोन घेतला. दुकानदारानं त्याचे गुण असे सांगितले, जणू स्थळच दाखवतोय. चंद्रावरचे खड्डे दिसतील, फोटोतली नको ती माणसं पुसता येतील, पत्रंसुद्धा हा स्वतःच लिहील. आणि वर्षानुवर्षं असाच लोण्यासारखा चालेल.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या ग्रंथालयात एक परिचर आहेत, निवृत्तीला आलेले, कोणत्याही नव्या वस्तूवर चटकन विश्वास न ठेवणारे. त्यांनी फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

"सहा महिने थांबा, मॅडम. नवे सगळेच घोड्यावानी पयतात. मंग सांगा मले."

ते नुसतं बोलून थांबले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, वाचक यायच्या आधी, ते माझा फोन मागून घ्यायचे. कॅमेरा, नकाशा, पैसे पाठवायचं ॲप, पुस्तकांच्या यादीची भलीमोठी फाईल, सगळं एकामागोमाग उघडायचे आणि मग पुन्हा पहिल्यावर जायचे. कुठे अडतंय का ते पाहताना त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असायचा. फोन अडायचा नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं. "अजून एक साल पाहू," असं म्हणत ते टेबलावरची धूळ झटकायला लागायचे.

दुकानदारानं सांगितलेल्या बाकी गोष्टींचं मात्र वेगळंच झालं. चंद्राचा फोटो गच्चीवर जाऊन तीनदा काढला, नातेवाइकांना पाठवला, संपलं. नको ती माणसं पुसायची वेळ आली नाही. माझ्या फोटोत सगळी हवी तीच माणसं असतात. एकदा फोनकडून नोटीस लिहून घेतली, की मुलांनी मुदत उलटलेली पुस्तकं परत करावीत. त्यानं इतकं गोड लिहिलं की आठ दिवसांत एकही पुस्तक आलं नाही. मग परिचरांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, 'पुस्तके आणा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाही.' संध्याकाळपर्यंत टेबल भरलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी पुन्हा वडनेरला होते. वहिनींच्या वांग्यांच्या शेंड्यांत अळी शिरली होती आणि तिचा फोटो नांदुऱ्याच्या कृषी केंद्रवाल्याला पाठवायचा होता. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "थांबा, माझ्या फोनवर अळीचे केससुद्धा दिसतील." भर मे महिन्याची दुपार. मी वाकून शेंडा चिरला, फोन धरला, आणि पडद्यावर सूचना आली, की फोन गरम झाला आहे, थंड होईपर्यंत कॅमेरा चालणार नाही.

वहिनींनी कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला. तो जरा घुटमळला, पण त्यानं फोटो काढला. थोडा धुरकट होता, तरी अळी ओळखू येत होती.

"माह्या फोनले ऊन बाधत नाई, बाई. त्याले सवय हाये," त्या म्हणाल्या, आणि माझा फोन त्यांनी बाभळीच्या सावलीत, पाण्याच्या माठाशेजारी ठेवून दिला. आजारी पाहुण्यासारखा तो तिथं अर्धा तास पडून होता. मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

परिचरांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी ती मला दोनदा सांगायला लावली.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला चार्जिंग दुपारीच संपायला लागलं. त्याच कंपनीच्या नव्या फोनच्या जाहिराती सगळीकडे होत्या. मी परिचरांना म्हटलं, "चला, तुम्हीच पारखून द्या." दुकानात त्यांनी नवा आणि माझा, असे दोन्ही फोन काउंटरवर शेजारी ठेवले आणि आपली नेहमीची तपासणी केली. दुकानदार कौतुकानं पाहत होता. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, मले तं फरक दिसून नाई राह्यला. तुमाले दिसते का?"

मलाही दिसला नाही. नवा थोडा चपळ असेल, पण तो चपळपणा माझ्या बोटांना कळत नव्हता. मी फक्त बॅटरी बदलायला सांगितली. तासभर लागणार होता, म्हणून आम्ही समोर कचोरी खाल्ली.

"तुमचा फोन चांगला निंघाला," ते म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

महिन्यापूर्वी वहिनींचा फोन कायमचा बंद पडला. त्यांनी माझ्या फोनवरून हात फिरवत विचारलं, "बाई, मी असाच घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "माझा अजून झरझर चालतो, खोटं नाही. पण तुम्हाला मोठी बॅटरी पाहिजे, रानात ऐकू येईल असा आवाज पाहिजे. ते निम्म्याहून कमी किमतीत मिळतं."

"मंग तुमी काऊन घेतला?"

"मला आवडला. अजूनही आवडतो."

"हाव, मंग बरोबर हाये," त्या म्हणाल्या.

त्यांनी मधल्या किमतीतला निळा फोन घेतला. तो रविवार आम्ही दोघी ओसरीत बसून काढला. जुन्या वहीतले नंबर त्या वाचत होत्या, मी नव्या फोनमध्ये भरत होते. वांग्यांचा व्यापारी, शाळेतल्या बाई, पंपवाला, माहेर. माहेरचा नंबर भरून झाला तसा त्यांनी लगेच लावून पाहिला आणि बराच वेळ बोलत बसल्या.