लिफ्टमधले रॅटलस्नेक

सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या आमच्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटमधले निवृत्त काका लिफ्टमध्ये भेटले, की नववा मजला येईपर्यंत एखादा रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवणारा अमेरिकेतला विषारी साप, सांगून होतो. "ऐक हं. वाळवंटातला तिरका सरकतो. पूर्वेकडचा जंगलात राहतो. आणि मेक्सिकोच्या एका बेटावरच्याला शेपटीचा खुळखुळाच नाही!" काका स्वतः अमेरिकेला कधी गेलेले नाहीत. मी मान डोलवायचो आणि मनात हसायचो.

गेल्या महिन्यात आमच्या चपलांच्या रॅकखाली साप निघाला. घाबरून मी झाडू हाणला. बायकोने साप पकडणाऱ्यांना फोन केला. गडबड ऐकून काका स्टूल घेऊन आले आणि माझ्या नि रॅकच्या मध्ये ठाण मांडून बसले.

"काका, उठा, चावेल तो!"

"रॅटलस्नेक निदान वाजवून सांगतो, लांब राहा म्हणून. याच्याकडे ती सोय नाही."

मला राहवेना. "काका, मी झाडू मारलाय त्याला. एकदा."

"माहितेय. म्हणून तर तुझ्याकडे तोंड करून बसलोय."

मी झाडू त्यांच्या हाती दिला. साप पिशवीतून जिवंत गेला, तेव्हा काकांपेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं.