सणसरची कंबरेएवढी चूल

सोयरीक ठरण्यापूर्वी मुलीकडच्यांनी मुलाचे घर पाहून यावे, ही आमच्याकडची रीत. माझ्या धाकट्या बहिणीला सणसरचे स्थळ सांगून आले, तेव्हा मी बारामतीला शिक्षक होतो. घर पाहण्यास मी आणि मामा बैलगाडीने निघालो. मुलाचे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणे, मोठ्या लढाईत फ्रान्सला जाऊन आले होते आणि त्यांनी आपले घर तिकडच्या शेतकऱ्याच्या घरासारखे सजवले होते. हे आम्हांला वाटेतच कळले. सांगणारा हसला, म्हणून मी सावध झालो.

येथे आमच्या बाजूची एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बहिणीचा उजवा गुडघा लहानपणीच्या पडण्यामुळे वाकत नसे. चुलीपुढे बसणे तिला अशक्य होते. हे आम्ही कळवले नव्हते.

आबांच्या घराच्या भिंतींना पिवळी माती कालवलेला चुना होता, खिडक्यांची दारे फिकट निळी होती. तुळईला वाळक्या फुलांच्या जुड्या बांधल्या होत्या आणि तांब्याची पातेली खिळ्यांना ओळीने टांगलेली होती.

"भांडी भितीला," मामा माझ्या कानाशी म्हणाले. "पानी कशात भरत्यात?"

मी कपाट पाहत होतो. वापरातले कपाट कडीजवळ झिजते, कारण हात रोज तेथे पडतो. येथे कडीजवळचा रंग नवा होता आणि जेथे कोणाचा हात पोचणार नाही, त्या वरच्या कोपऱ्यांत लाकूड उघडे पडले होते.

"कपाट जुने आहे का?" मी विचारले.

"न्हाय मास्तर," आबा म्हणाले. "गेल्या सालचं हाय. मीच काचकागदानं घासलं. तितं फ्रान्सात तसंच हुतं."

"नवं करून जुनं केलं," मामा कुजबुजले. "तिकडं बाई आसल ह्याची."

मला ते अगदीच अशक्य वाटले नाही.

स्वयंपाकघरात कंबरेएवढ्या ओट्यावर चूल होती, वर धुराडे. मी आत वाकून पाहिले. काजळीचा ठिपकाही नव्हता.

"ही चूल पेटत नाही."

"व्हय," आबा म्हणाले. "आमच्या मंडळींना पटत न्हाय. त्यांनी परसात खाली मांडलीया. आमची पलटन ज्या घरात उतरली, तितली म्हातारी उभ्यानं रांधायची, ताठ हुती. माझी आई चुलीम्होरं वाकून वाकून कुबडी झालती. आता सून आली तर पेटंल ही."

"उभ्यानं भाकऱ्या?" मामा म्हणाले. "आमची पोरगी काय हाटेलात दिली व्हय?"

मामांचे बोलणे संपण्याआधीच मी गुडघ्याची हकीकत सांगून टाकली. मामांनी माझा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता.

आबांचा चेहरा बदलला. मी कपाटाकडे जसा पाहत होतो, तसे ते माझ्याकडे पाहू लागले.

"हे आदी का न्हाय सांगितलं?"

"आपण विचारले नव्हते," मी म्हणालो. वर्गात एखाद्या मुलाने असे उत्तर दिले असते, तर मी त्याला उभे केले असते.

"आनखी काय काय इचारायचं ऱ्हायलं?" आबांनी विचारले. चहा आला, तो घेऊन आम्ही निघालो.

चार दिवसांनी आबा न कळवता बारामतीला आले. आमच्या कपाटाच्या कोपऱ्यांवरून त्यांनी बोट फिरवले. बहिणीला ओसरीवरून दोनदा चालायला सांगितले, नजर तिच्या पायावरून हलली नाही. मग म्हणाले, "उभ्यानं भाकरी थापशील का?"

"चूल कंबरंएवढी हाय म्हनं," बहीण म्हणाली. "कुनाच्या कंबरंएवढी?"

"त्या म्हातारीच्या," आबा म्हणाले आणि त्यांनी सुतळी मागितली.

बहिणीने ती जमिनीपासून आपल्या कंबरेपर्यंत धरली, गाठ मारली आणि त्यांच्या हाती दिली. आबांनी गाठ दोन वेळा ओढून पाहिली, सुतळी कोपरीच्या खिशात घातली आणि मला विचारले, "मास्तर, गवंडी बारामतीचा सांगू का इंदापूरचा?"