न घाबरणारा पाहुणा

अंगाने सुकडी आणि जिभेने टोकदार, म्हणून कॉलेजात आम्ही तिला टाचणी म्हणायचो. मी साहित्य शिकले, ती कॉम्प्युटर. आधी ती एका चपलांच्या दुकानाची वेबसाइट सांभाळायची. नंतर आधारघराची सांभाळू लागली, आणि तिच्यामागून मीही तिथे मदतीला जाऊ लागले. नवऱ्याचा मार चुकवून आलेल्या बायका तिथे राहतात. घराचा पत्ता कुठेच छापलेला नाही. वेबसाइटवर फक्त फोन नंबर आहे, आणि बायकांनी शिवलेल्या पिशव्यांचे फोटो नि किमती.

वेबसाइटवर येणाऱ्यांना टाचणी पाहुणे म्हणते. त्यांच्या फोन-कॉम्प्युटरचे पूर्ण पत्ते ती मुद्दाम साठवत नाही. ते चोरीला गेले तर बायकांच्याच जिवावर बेतेल. ती एवढंच बघते: पाहुणा साधारण कुठल्या गावचा, फोनवर की कॉम्प्युटरवर, कुठल्या पानावर, किती वेळ.

संस्थेचे खजिनदार एकदा आकडे बघून हिरमुसले. लोक येतात आणि लगेच पळतात, जरा रंगीबेरंगी करा, म्हणाले. टाचणीने मान डोलावली आणि नेमकं उलट केलं. तिने मला समजावलं, की चपलेच्या दुकानातून गिऱ्हाईक पळालं तर आपण कमी पडलो. इथली बाई पळते, कारण तिच्या खोलीत कोणीतरी आलेलं असतं. मग तिने सगळी सजावट काढली, पान झटकन उघडेल असं केलं. कोपऱ्यात एक मोठं बटण ठेवलं. ते दाबलं की हवामानाचा अंदाज उघडतो. हळूहळू फोन वाढले.

मला ती आकड्यांची वही कोरडी वाटायची. टाचणीला त्यात धाप लागलेली ऐकू यायची.

एका दुपारी मी तिच्या खोलीवर गेले तर ती चहा गार करून बसली होती.

"एक पाहुणा घाबरत नाहीये," ती म्हणाली.

तो रोज यायचा. कॉम्प्युटरवरून, भर दिवसा, निवांत. फोन नंबरच्या पानावर कधीच जायचा नाही. पिशव्यांचा एकच फोटो उघडायचा, तोही सगळ्यात मोठ्या आकाराचा. गाव कुठलं, ते तिने बोट ठेवून दाखवलं. आधारघरातल्या शिंपीणताईचं गाव. शिंपीणताई लेकीला कडेवर घेऊन तिथून निघाली होती. पिशव्यांचं काम तिनेच सुरू केलं होतं.

आम्ही तडक आधारघरात गेलो. घर चालवणाऱ्या बाई भाजी चिरत होत्या. एखादं गिऱ्हाईक असेल गं, त्या म्हणाल्या, लोकांना पिशवी आवडते.

"बाई, पिशवी आवडली की माणूस किंमत बघतो," टाचणी म्हणाली. "याने किमतीचं पान एकदाही उघडलेलं नाही."

बाईंनी सुरी खाली ठेवली.

त्या घरात एक कडक नियम होता: फोटोत चेहरा नको. प्रत्येक फोटो चार-चार जणी तपासायच्या, कुणाचा कान दिसला तरी खोडायच्या. या फोटोत चेहरा नव्हता. नुसत्या पिशव्या होत्या, खिडकीच्या गजांना अडकवलेल्या, तिथे उजेड चांगला म्हणून. टाचणीने फोटो पडदाभर मोठा केला. दोन पिशव्यांच्या मधून पाण्याची टाकी दिसत होती, आणि टाकीच्या खांद्याला टेकलेला मोबाइलचा मनोरा.

आम्ही सगळ्या चेहरे शोधत राहिलो. तो खिडकीबाहेरचं बघत होता.

बाईंनी पोलिसांना सांगितलं. फोटो बघणं गुन्हा आहे का, असं तिथल्या हवालदाराने विचारलं. तसा हवालदार वाईट माणूस नव्हता. फोटो काढून टाकू, असं मी सुचवलं. टाचणी नको म्हणाली. त्या पाहुण्याकडे तो असणारच, आणि काढला तर त्याला कळेल की आपला अंदाज बरोबर आहे.

मग त्या पाहुण्याचं गाव बदललं. आता आकड्यांत आमचं शहर दिसत होतं.

बाईंनी त्याच दिवशी घर हलवायला घेतलं. कपडे धुणाऱ्याचा टेम्पो रोज मागच्या दाराला लागायचा, त्यातूनच गाठोडी आणि बायका गेल्या. शेवटच्या खेपेला शिंपीणताई, तिची लेक, बाई आणि मी राहिलो. शिवणयंत्र टाकून जायला ताई तयार नव्हती. ते माझं पोट आहे, म्हणाली. मी यंत्राचं चाक धरलं तेवढ्यात टाचणीचा फोन आला.

"आत्ता एक पाहुणा आहे. त्याच फोटोवर. या वेळी मोबाइलवरून."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. टाकीखाली एक माणूस उभा होता. साधा, इस्त्रीचा शर्ट. त्याने फोन डोळ्यांसमोर धरला होता. फोनकडे बघायचा, मग आमच्या ओळीतल्या खिडक्यांकडे. एक खिडकी झाली की पुढची. घाई अजिबात नाही.

ताई माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिने नाव घेतलं नाही.

"शर्टाला इस्त्री करायला मीच शिकवलं होतं," एवढंच म्हणाली.

लेकीने तोंडावर हात ठेवला होता. तिला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी यंत्राकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ताईने सुईची डबी तेवढी उचलली. आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. टेम्पोत धुतलेल्या चादरींचा वास होता. मी आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली, पण श्वास रोखून धरणं काय असतं ते त्या चादरींखाली कळलं.

नवीन जागा कुठे आहे ते मी लिहिणार नाही. ताईला दुसरं यंत्र मिळालं. पिशव्यांचे फोटो आता पांढऱ्या चादरीसमोर काढतात, खिडक्या बंद करून. जुना फोटो टाचणीने तसाच ठेवला. तो माणूस अजून रोज त्यावर यायचा. त्या टाकीखाली शोधतोय तोवर बरं आहे, ती म्हणायची. सकाळी त्याची हजेरी बघायची आणि मगच चहा प्यायची.

काल मी गेले तेव्हा चहा पुन्हा गार झाला होता. बरेच दिवस त्या फोटोवर कोणी आलं नव्हतं.

मी म्हटलं, कंटाळला असेल.

टाचणीने पडद्यावरून नजर काढली नाही. एका गावातून कुणीतरी आलं, फोन नंबरचं पान उघडलं, आणि हवामानाच्या बटणावरून पळालं. ती बाई होती. ते आम्हाला दोघींनाही कळलं.

"ही आपली," टाचणी म्हणाली. मग गार चहा बाजूला सारत, "तो आता काय बघत असेल गं?"