माझ्या पायात जोर नाही म्हणे

हळदीच्या मोसमात माझी मोटार धापा टाकायला लागली. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. बऱ्याच मालकांच्या हाताखालून आलेली, पेट्रोलवर चालणारी जुनी पांढरी मोटार. औंढ्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी शिकवायला जायचे. वसमतच्या आमच्या गल्लीत बाईनं स्वतः मोटार चालवणं हा तेव्हा लोकांना फुकटचा तमाशा होता. सपाटीवर हळूहळू नेली तर गाडीची काही तक्रार नसायची. पण उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकायला म्हणून ॲक्सिलेटर दाबला, की पुढं जायचं सोडून ती गचके खायची, काळा धूर ओकायची आणि चढावर तर जवळजवळ थांबायची. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. मग मीही वाजवायचे.

एके संध्याकाळी थोरला भाऊ म्हणाला, "लोक हसून राहिले. बाईमाणसाचं काम न्हाई ते. सोमवारी गिऱ्हाईक येऊन राहिलंय, देऊन टाकू."

माझं डोकंच फिरलं. मोटार माझ्या पगाराची, आणि गिऱ्हाईक आणणारा हा कोण? मी तसं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "मंग गिऱ्हाइकासमोर चढ चढवून दाखव. गचका न खाता चढली तर ठेव."

"दाखवते," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण गाडीला काय झालंय हे कुणालाच कळत नव्हतं.

मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या मेकॅनिककडं माझ्या फेऱ्या चालूच होत्या. त्यानं प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटर तर पुन्हा पुन्हा धुतला. दरवेळी तो स्वतः एक चक्कर मारून यायचा आणि हसत उतरायचा. "बघा, कशी पळायली! बाई, गाडीत काई न्हाई. तुमच्या पायात जोर न्हाई." मी बसून निघाले, की गावाबाहेर पडायच्या आत गाडीचे गचके सुरू. समोरच्या चहाच्या टपरीवरची मंडळी माना डोलवायची. मला मात्र हे कधीच पटलं नाही. लहानपणी याच पायांनी मी शेतातून गवताचे भारे आणलेले. जोर कशाला म्हणतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रविवारी तो काम करत असताना मी नेहमीसारखी चहाला गेले नाही. त्याच्या शेजारी उभी राहून नुसते त्याचे हात बघत राहिले. इंजिन ज्यातून हवा ओढतं तो मोठा गोल डबा त्यानं काढून फळीवर ठेवला. कार्बोरेटर साफ केला. आवाज नीट ऐकू यावा म्हणून डबा न लावताच चक्कर मारून आला. गाडी झकास पळाली. मग डबा बसवून, स्क्रू आवळून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली.

"आणखी एक चक्कर मारा," मी म्हणाले.

"आत्ताच तर मारली."

"आता डबा लावून मारा."

तो हसला आणि गेला. कोपऱ्यावरच गाडीनं गचका खाल्ला, मग दुसरा. आत तोच होता, त्याचा जोरदार पाय होता. टपरीवरची मंडळी उठून बघायला लागली. मी भर रस्त्यात मोठ्यानं हसले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

डबा उतरवला. त्याच्या तोंडावर चार पदरी फडकं सुतळीनं बांधलेलं होतं. हळदीच्या धुळीनं पिवळंजर्द होऊन पार कडक झालेलं.

"ते तर म्या पयल्याच दिवशी पाह्यलं," मेकॅनिक म्हणाला. "हळदीच्या दिवसांत समदेच बांधतात की." म्हणजे दरवेळी त्यानं ते बघितलं होतं आणि दरवेळी तसंच परत बसवलं होतं. त्याच्या स्वतःच्या गळ्यातही तसलाच रुमाल लोंबत होता.

फडक्याचा काठ मी ओळखला. आईच्या जुन्या लुगड्याचा. आमच्या घराला लागूनच हळद पॉलिश करायचं शेड होतं. दिवसभर तिथं ड्रम फिरायचे आणि आई त्याच शेडात कामाला जायची, तोंडाला असंच चार पदरी फडकं बांधून.

फडकं सोडून घरी आणलं आणि तिला विचारलं. "म्याच बांधलं," ती म्हणाली. "शेजारच्या जीपवाल्याला इचारलं, हवा कुठून घेती म्हणून. तिच्या बी नाकातोंडात धूळ जाती ना."

"आई, तिला त्याच्यातून दम घेता येईना."

"एवढ्यानं?" आईला खरंच नवल वाटलं. "आमी तर त्याच्यातच पोती उचलतो."

रात्रभर राग राग झाला. कुणाचा, ते धड सांगता येत नव्हतं.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. जयभीम झाला, चहा झाला. भाऊ आणि ते मागं बसले. आईला मी पुढं बसवलं. चढाच्या पायथ्याशी ॲक्सिलेटर दाबला आणि गाडी एका दमात वर गेली. माथ्यावर गाडी थांबवून मी मागं वळले. "मोटार विकायची नाही." भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मला जोर चढला होता, म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "आणि उद्यापासून आई हळदीवर जाणार नाही."

आईनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "तुझ्या गाडीचं तू ठरवलंस ना? मंग माझं म्या ठरवीन."

दुसऱ्या दिवशी ती तेच फडकं धुऊन, तोंडाला बांधून कामाला गेली. तिचं बरोबर होतं, आणि ते मला अजूनही सहन होत नाही.