तक्रार निवारण अधिकारी म्हणजे मीच

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वेबमालिकेचे संवाद लिहायला लागलो. माझा एक जुना विद्यार्थी सांगलीत मालिका बनवतो आणि स्वतःच्या छोट्या ॲपवर दाखवतो. अशा ॲपला नियमाप्रमाणे एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तो म्हणाला, "सर, तुमचं व्याकरण शुद्ध आहे. तुमचंच नाव टाकतो." व्याकरणाचा तक्रारींशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. पदात 'अधिकारी' हा शब्द होता, तेवढा मला पुरला.

त्या दिवसांत माझ्या गावी, आष्ट्यात, चहाच्या गाड्यावर माझं एकच भाषण चालायचं : मनोरंजनात सरकारनं नाक खुपसू नये, आम्ही कलावंत स्वतःवर लक्ष ठेवायला समर्थ आहोत. कुठला भाग कोणत्या वयासाठी, हेही मीच ठरवायचो. माझ्या विनोदांना 'सर्वांसाठी'. नटांनी ऐनवेळी घातलेल्यांना 'तेरा वर्षांवरील'.

पहिली तक्रार कडेगावकडच्या एका निवृत्त हवालदारांची आली. एका भागात नवरा सैन्यात असलेल्या बाईच्या दारात सिलिंडरवाला उगाच रेंगाळतो, असा प्रसंग होता. लिहिलेला मीच. तक्रार एका ओळीची : 'सदर सीनमुळे घरात त्रास आहे, काढून टाकणे.' मी दोन पानी उत्तर दिलं. त्यात विनोदाची परंपरा होती, कलावंताचं स्वातंत्र्य होतं आणि शेवटी 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असा निकाल होता. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत असते. मी ते दुपारच्या जेवणाआधी पाठवलं आणि समाधानानं जेवलो.

आठवड्यानं हवालदार तो कागद घेऊन सांगलीच्या ऑफिसात आले.

"ह्यो सीन लिवणारा कोन?"

"मी."

"आन ह्यो निकाल देणारा सायेब?"

"तोही मीच."

त्यांनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "म्हंजी तुमी तुमालाच इचारलं व्हय?"

मी घाईघाईनं पुढच्या पायऱ्या सांगायला लागलो : निकाल पटला नाही तर माध्यमांनीच नेमलेल्या मंडळाकडं जाता येतं, तिथंही नाही पटलं तर सरकारी समितीकडं. त्यांनी हात वर केला. "आवं सायेब, मला वर जायचं न्हाई. ह्ये दार बगा." त्यांनी मोबाइलवर तो प्रसंग लावला. "ह्ये माज्या घराचं हाय. शूटिंगला मीच हौसंनं दिलं. ल्योक ड्यूटीवर लांब. आता सून दळण घिऊन निघाली तरी कट्ट्यावरची माणसं इचारत्यात, सिलिंडर आला का म्हून."

शूटिंगला हवालदार घरी नव्हते, म्हणून त्यांना मी ओळखलं नव्हतं. पण त्या दिवशी मी त्याच घरात बसून पोहे खाल्ले होते, तेही दोनदा मागून. सुनेनंच वाढले होते. नियमांच्या यादीत शिव्या, मारामारी, नग्नता या सगळ्याला जागा होती, या त्रासाला नव्हती. म्हणून मला तथ्य आढळलं नव्हतं.

प्रसंग त्याच दिवशी काढला. पण तेवढा तुकडा तोवर मोबाइलमोबाइलवर फिरला होता, तो कुठल्याच अधिकाऱ्याच्या हातात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. एस.टी.त भाषण पाठ केलं होतं. सुनेनं दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"सर, मी बी हसले हुते. पर त्या बाईला तुमी एक शबूद बोलू दिला न्हाई. ती काय मुकी हाय?"

"तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

"पावती द्या आन वाटंला लागा," ती म्हणाली. सासरे खोकल्यागत हसले.

मी ते वाक्य तसंच घेतलं. प्रसंग पुन्हा चित्रित केला, या वेळी स्टुडिओत पुठ्ठ्याचं दार उभं करून. गावातली चेष्टा हळूहळू कमी झाली, असं हवालदार फोनवर म्हणाले. पार थांबली असं म्हणाले नाहीत.

विद्यार्थी म्हणाला, "सर, दोन्हीतलं एक सोडा." मी लगेच अधिकारीपद सोडलं. त्याचा चेहरा पडला. मी लेखन सोडेन अशी त्याला आशा होती.

आता त्या जागेवर एक वकीलबाई आहेत. माझा नवा भाग त्यांनी अडवून ठेवलाय : ज्याची चेष्टा केलीय, त्याला मी एकही वाक्य दिलेलं नाही म्हणून. मला त्यांचा भयंकर राग आलाय, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.