पाटाजवळचं वळण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही. ओळखत असता, तर आजही मी गप्पच बसले असते.

सौंसरातले आमच्या ओळखीचे लोक मला नशीबवान म्हणतात. थोडक्यात वाचलीस पोरी, म्हणतात. मी मान हलवते. दुसरं काय करू?

दादाला गाड्यांचं वेड होतं. संत्र्याचा बगीचा सांभाळून उरलेला सगळा वेळ तो एका जुन्या जीपखाली पडलेला असायचा. दर वर्षी थंडी ओसरली की गावाबाहेरच्या पडीक रानात जीपची शर्यत व्हायची. नागपूर, छिंदवाड्याहून गाड्या यायच्या. एका गाडीत दोघं — एक चालवणारा, आणि डावीकडे बसून त्याला रस्ता सांगणारा. आमच्या गाडीत डावीकडे मी बसायची. पुढचं वळण, दगड, उतार मी ओरडून सांगायची आणि दादा गाडी वळवायचा. विचार न करता वळवायचा. इतका विश्वास माझ्यावर पुन्हा कुणी ठेवला नाही — नवऱ्यानंसुद्धा नाही.

त्या वर्षी आमचं क्वालिफाइंग फार छान झालं. ते शनिवारी असायचं. एकेक गाडी एकटी पळवायची आणि वेळ घ्यायची. ज्याचा वेळ कमी, तो रविवारी आधी सुटणार. आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत नसेल. मागून सुटणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून शनिवारीच अर्धी शर्यत ठरते. आमचा नंबर दुसरा आला. पहिली आलेली नागपूरची गाडी परत आली तेव्हा तिच्या क्लचचा जळका वास लांबपर्यंत येत होता, तिचे लोक तिच्याखाली शिरून बसले होते. चहाच्या टपरीवर सगळे हेच बोलत होते, की उद्या ही गाडी निम्म्यात बसणार आणि सौंसरचा पोरगा जिंकणार. दादानं हेल्मेट काढलं, धुळीनं माखलेल्या तोंडानं हसला आणि म्हणाला, "उद्या आपलंच आहे, रंजू."

आपलंच, म्हणाला. मी ते ऐकलं होतं.

आता त्या वळणाचं सांगते. रस्ता एका ठिकाणी पाटाला चिकटून जात होता. पाट म्हणजे शेताला पाणी देणारा छोटा कालवा. तिथं पाणी झिरपून डावीकडची कड खालून पोखरली होती. वरून माती साबूत दिसायची, खाली पोकळ. शनिवारी मी डावीकडे बसले होते, मला खिडकीतून ते दिसलं. आमचं मागचं चाक तिथं किंचित दबलं, आणि मी ओरडले, "उजवीकडे दाब!" दादानं दाबली. त्याला फक्त एक हिसका जाणवला असेल. रस्ता लक्षात ठेवायचं काम त्याचं नव्हतंच. ते माझं होतं.

मी त्याला सांगणारच होते. संध्याकाळी जेवताना आम्ही सगळा रस्ता पुन्हा बोलायचो, तेव्हा.

पण संध्याकाळी दादाच बोलला. त्याचं लग्न तिगावच्या स्नेहलशी ठरलं होतं. तिच्या घरचे शर्यत पाहायला येणार होते.

"उद्या तुह्या जागी नितीन बसन," तो म्हणाला. नितीन म्हणजे स्नेहलचा भाऊ.

"काहून?"

"पाहुणे येऊन राहिले ना. पोरगी जीपमंधी बसून ओरडून राहिली, हे त्यायले बरं नाही दिसत. आईचंही तेच म्हणणं आहे. एका दिवसाचा तं प्रश्न आहे व."

एका दिवसाचा. तीन वर्षं मी धूळ खाल्ली होती, आणि ज्या दिवशी जिंकायचं होतं त्या दिवशी माझी जागा त्यानं होणाऱ्या साळ्याला पाहुणचारात वाढून टाकली. आईनं म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण दादानं? ताट उचललं आणि आत गेले.

सकाळी तो जीपपाशी उभा होता. त्यानं मला हाक मारली. हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. त्यानं स्वतःहून विचारलं. "रस्त्यात ध्यानात ठेवण्यासारखं काही आहे का व? नितीनले सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "काही नाही. सोपा आहे."

मला काय हवं होतं? त्यांनी हरून यावं, आणि रंजूशिवाय जमत नाही असं दादानं चारचौघांत म्हणावं — एवढंच, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण ते खरं नाही. पोकळ कडेवर गाडी नुसती अडकत नाही, हे मला माहीत होतं. डावीकडे कोण बसणार आहे, हेही माहीत होतं.

मी पाहुण्यांत ओढणी नीट करून उभी होते. नागपूरची गाडी सुटली, मग दादाची. झाडांमागून दादाच्या गाडीच्या धुळीचा लोट पुढे सरकताना दिसत होता. पाटाकडे गेला आणि थांबला. शेजारी स्नेहल उभी होती. तिनं मला विचारलं, "थांबले का ते?" मी म्हटलं, "माहीत नाही."

जीप डाव्या कुशीवर पाटात पडली होती. दादाला खरचटलं. नितीनचा हात गाडीखाली आला. नागपुरात ऑपरेशनं झाली, हात राहिला, पण त्याची मूठ आजही वळत नाही. लग्न मोडलं. तिगावच्या लोकांनी दादाला नको ते बोलून घेतलं, आणि तो मान खाली घालून म्हणत राहिला, "माहंच चुकलं." दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं माझा हात धरला. रडत होता. म्हणाला, "बरं झालं व, तू नव्हती बसली. देवानंच मले बुद्धी दिली."

तेव्हा तरी सांगायचं ना? तोंड उघडलं होतं मी. मग त्याला पाणी आणून दिलं.

त्यानं जीप विकली. पुढे दुसरीकडे लग्न झालं, पोरं झाली. मला पांढुर्ण्याला दिलं. मागच्या महिन्यात तो आमच्याकडे आला होता. जेवताना माझ्या नवऱ्यानं सहज विचारलं, शर्यत पुन्हा कधी केली नाही का म्हणून. दादा हसला. "नाही जी. माह्यात ते नव्हतंच. मले रस्ताच समजत नव्हता. रंजू सांगे म्हणून चालून जाय."

मी त्याला भात वाढत होते. वाढत राहिले. तो पुरे पुरे म्हणाला, तेव्हा हात थांबला.

दादाचं काहीच चुकलं नव्हतं, रस्ता मीच लपवला होता. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.