सरांनी टीम बाहेर का काढली

जूनचा पहिला शनिवार. सकाळी आठला मी मागच्या बागेतलं गवत कापायला घेतलं. हे काम एरवी नवऱ्याचं. पण त्यानं आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "येऊ देत. मी घरात असेन, नीट बोलेन. पण त्या माणसासाठी गवत कापणार नाही."

तो माणूस म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे जुने कोच. बेसिंगस्टोकला मुलीकडे महिनाभर आले होते. लंडनच्या आसपास त्या टीमचे चाहते आम्ही आठ-दहा जण आहोत. सर आलेत हे कळल्यावर दोन दिवस फोनवर नुसता दंगा चालला होता. ऐंशीच्या घरातल्या माणसाला ट्रेनमध्ये किती बसवायचं, कुणाची बाग मोठी, मिसळ कोण करणार. शेवटी आमचं स्टॅनमोरचं घर ठरलं. मी हो म्हणाले तेव्हा नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी कॉलेजची फायनल. स्टेडियम खचाखच भरलेलं. आमच्या नऊ नंबरनं दोन जणांना चकवून डाव्या पायानं गोल मारला. पाहायला राज्याच्या टीमचे निवड करणारे बसले होते. पुढच्याच मिनिटाला गॅलरीतून काहीतरी उडत आलं आणि लाइन्समनच्या कानावर लागलं. रक्त आलं. समोरच्या कॉलेजची पोरं उठली, दगड सुरू झाले, पोलीस आत आले. सगळं शांत झाल्यावर रेफरी पुन्हा मॅच सुरू करायला तयार होते. पण सर चालत आमच्या गॅलरीसमोर आले आणि म्हणाले, "ज्यानं टाकलं त्यानं खाली यावं. मग खेळू."

कुणी खाली उतरलं नाही. सरांनी अकराच्या अकरा पोरं मैदानाबाहेर काढली. जिंकत आलेली मॅच सोडून दिली. गोल रद्द, कप गेला, निवडही गेली. नऊ नंबरनं त्यानंतर बूट घातले नाहीत. तीन वर्षांनी त्याच नऊ नंबरशी माझं लग्न झालं.

आणि उडून आलेली ती वस्तू माझ्या डब्याचं झाकण होतं.

गॅलरीत आम्ही मुली पाचच असायचो. आमच्याकडे हलगी नव्हती, म्हणून आम्ही स्टीलचे डबे बडवायचो. गोल झाला तसं मी झाकण आनंदानं वर उडवलं. ते वाऱ्यानं वाहवत मैदानात जाईल असं कुणाला वाटणार? सरांनी विचारलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. डबा ओढणीखाली घातला आणि गप्प बसले. पुढे लग्न झालं, मुलं झाली, इकडे आलो. सांगायला बरी अशी वेळ कधी आलीच नाही. खरं तर मी ती येऊ दिली नाही.

सर बाराला आले. गाडीतून उतरताना मुलीनं हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच, पुढच्या पावलावर जोर देऊन. ईलिंगचे डॉक्टर, जे तेव्हा गॅलरीत हलगी वाजवायचे, ते फाटकातच वाकले आणि सरांच्या पाया पडून रडायला लागले. मी त्यांना पेपर नॅपकिन दिला.

मग बागेत जे बोलणं सुरू झालं ते थांबेना.

"सर, मॅच झाल्यावर तुम्ही स्वतः गॅलरीतली शेंगांची टरफलं गोळा करायचा, आठवतंय?"

"तुम्ही खाऊन टाकायचा, मग कुणी गोळा करायची?"

"लाजेनं आम्ही पण वाकायचो. माझी बायको म्हणते, घरात एवढंच काम येतं मला."

"काय भावा, तुझ्या टरफलांनीच मैदान भरायचं!"

कुणी सांगितलं, सर शिट्टी वापरायचे नाहीत, टाळी वाजवायचे. कुणी सांगितलं, बूट नसलेल्या पोरासाठी सगळ्या टीमला एक महिना अनवाणी खेळवलं. ऐकता ऐकता मिसळीचं दुसरं पातेलं संपलं. नवरा पाव आणून देत होता, सरांच्या ताटात वाढतही होता, पण त्यांच्याकडे बघत नव्हता.

शेवटी डॉक्टरांनीच तो विषय काढला. दरवर्षी कुणीतरी काढतंच. आमच्या जुन्या चाहत्यांच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि त्यातली दीडशे तरी म्हणतात, सर घाबरले. मोठा कोच, पण ऐन वेळी कच खाल्ली.

"सर, माफ करा, पण आज विचारतोच," डॉक्टर म्हणाले. "ते झाकण समोरच्या कॉलेजच्याच गॅलरीतून आलं होतं. मी पैजेवर सांगतो. मग तुम्ही टीम का काढली?"

नवरा पाव हातात घेऊन तिथेच थांबला.

सर म्हणाले, "आपल्याच गॅलरीतून आलं. मुली बसायच्या त्या कोपऱ्यातून. मला दिसलं होतं."

"मग नाव का नाही सांगितलं?"

"कुठलं नाव? पाच पोरी होत्या. पोलीस म्हणाले, मॅच चालू करायची तर पाचही जणींना चौकीवर नेतो. त्या गर्दीतून? मी म्हटलं, मॅच आम्ही सोडतो, तुम्ही गाडी परत न्या." ते पाणी प्याले. "पोरांना हे सांगितलं असतं तर पोरांनी त्या पाच जणींचं जगणं मुश्कील केलं असतं. तेवढी मला माझी पोरं माहीत होती."

मी हातातला डाव पातेल्यात ठेवला.

"झाकण माझं होतं," मी म्हणाले.

डॉक्टर हसले. "चेष्टा करू नका हो वहिनी."

"चेष्टा नाही. गोल झाला म्हणून उडवलं. सर, तुम्ही विचारलं तेव्हा मी उठायला पाहिजे होतं. मी उठले नाही."

नवऱ्यानं पाव टेबलावर ठेवला. मी तयारीत होते. काहीही म्हणाला असता तरी ऐकून घेतलं असतं.

"तू?" तो म्हणाला. त्यानं हात पॅन्टला पुसले. "गोल नीट बघितलास तरी का? की झाकणाकडेच बघत होतीस?"

"बघितला. डाव्या पायानं. म्हणून तर उडवलं."

डॉक्टरांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. नवरा हसला नाही. तो सरांच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली गवतावर बसला.

"सर, त्या मॅचनंतर तुमचे फोन मी उचलले नाहीत."

"अकरा केले होते," सर म्हणाले. "मग म्हटलं, पोरगं दमलं की उचलेल. लय दमाचा निघालास." त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या. "डावा पाय चालतो का अजून?"

पुढचे दोन तास बागेत काय झालं ते शेजाऱ्यांना विचारा. बॉल दोनदा त्यांच्या कुंपणापलीकडे गेला. सर खुर्चीतून टाळ्या वाजवत होते आणि ओरडत होते, "मान वर! बॉलकडे नको, माणसाकडे बघ!" नवरा घामानं निथळत होता, गुडघा धरत होता आणि पुन्हा पळत होता. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की घसा बसला. डबा मात्र कुणी माझ्या हातात दिला नाही.

नवरा माझ्याशी रात्रीपर्यंत तुटक बोलला. त्याचा हक्क होता. सरांना मात्र त्यानं बेसिंगस्टोकला परत जाऊ दिलं नाही, वरच्या खोलीत झोपवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला उठले. कोल्हापुरात तेव्हा अकरा वाजले होते, सगळे जागे असणार. चहा टाकला आणि दोनशे जणांच्या ग्रुपवर लिहिलं: झाकण कुणाचं, ते कसं उडालं, सरांनी विचारल्यावर कोण गप्प बसलं, आणि टीम बाहेर का गेली. शेवटी लिहिलं, सरांना घाबरट म्हणणाऱ्यांनी आता मला म्हणावं.

नवरा मागे येऊन उभा राहिला. चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं.

"'दोन जणांना चकवून' हे घाल," तो म्हणाला.

मी ते घातलं आणि पाठवून दिलं.